काशीद–फणसाड : समुद्र आणि जंगल एकाच फेरीत, पण तंबू ठोकण्याआधी तिथी बघा

काशीद (ता. मुरुड) : शनिवार उजाडला की अलिबाग–मुरुड रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. पूर्वी बहुतेक मंडळी सकाळी यायची, समुद्रात डुंबायची, खानावळीत जेवून संध्याकाळी परत फिरायची. फार तर एखाद्या घरगुती खोलीत एक मुक्काम. आता गाडीच्या टपावर तंबू दिसतो, डिकीत फोल्डिंगच्या खुर्च्या आणि गॅसची छोटी शेगडी असते. एक रात्र काशीदच्या किनाऱ्यावर, एक रात्र फणसाडच्या जंगलात आणि मग मुरुड-राजपुरी करून घरी, असा बेत घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढते आहे.

बेत चांगलाच आहे. पांढरी वाळू आणि दाट जंगल इतक्या जवळ असलेली ठिकाणे फार नाहीत. सकाळी समुद्रावर चहा घ्यायचा आणि दुपारच्या आत शेकरूच्या आवाजाखाली बसायचे, हे इथे सहज जमते. मात्र निवांतपणा जमतो तो दोन वेळापत्रके सांभाळली तर. एक समुद्राचे, म्हणजे भरती-ओहोटीचे. दुसरे जंगलाचे, म्हणजे कधी आत जायचे आणि कधी बाहेर पडायचे याचे. ही दोन्ही वेळापत्रके पर्यटकाच्या सुट्टीप्रमाणे बदलत नाहीत. त्यांची आणि या फेरीला लागणारी बाकीची माहिती पुढे दिली आहे.

काशीद आहे कुठे?

काशीद हे मुरुड तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. अलिबागपासून दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटर, तर मुरुडच्या अलीकडे साधारण १८ ते २० किलोमीटर. दोन्ही टोकांना खडक आणि मध्ये सुमारे तीन किलोमीटरचा किनारा अशी त्याची रचना आहे. अलिबाग, नागावच्या वाळूचा रंग काळपट. काशीदची वाळू मात्र पांढरट, म्हणून हा किनारा लांबूनच वेगळा ओळखू येतो. रस्ता अगदी समुद्राला लागून जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि त्या डोंगरामागे फणसाड अभयारण्य.

किनाऱ्यावर सुरूची झाडे दिसतात. सुरू मूळचा इथला नाही, ऑस्ट्रेलियाकडचा. वाळू धरून ठेवायला आणि वारा अडवायला कोकण किनाऱ्यावर त्याची लागवड झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मुरुड-श्रीवर्धन पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या बागांबरोबर ही सुरूची बनेही झोपवली. पन्नास वर्षांची सुपारीची बाग एका दुपारी आडवी झाली की नवीन झाडाला फळ धरेपर्यंत बागायतदाराच्या हाती काही नसते. त्या काळात अनेक घरांना आधार झाला तो खोल्या, जेवण आणि अंगणातल्या तंबूंचा. त्यामुळे पर्यटक कुठे राहतो आणि कुणाकडे जेवतो याला इथे महत्त्व आहे.

यायचे कसे?

मुंबईहून गाडीने : पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग आणि पुढे रेवदंडा. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरून उरण-चिर्लेकडे उतरून पेण गाठता येते. वडखळ ते अलिबाग हा टप्पा शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी हमखास तुंबतो.

पाण्याने : भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुटते, तीत गाडी चढवता येते. साधारण तासाभराचा प्रवास. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर. पावसाळ्यात फेऱ्या हवामानावर अवलंबून असतात.

पुण्याहून : द्रुतगती मार्गाने खोपोली, पेण, वडखळ करत अलिबाग.

एसटीने : मुरुडला एसटीचे आगार आहे. अलिबाग–मुरुड गाड्या काशीद थांब्यावर थांबतात. पाठीवर तंबू घेऊन येणाऱ्यांना हा सर्वात स्वस्त मार्ग.

अलिबाग सोडल्यावर आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा अशी गावे लागतात. रेवदंड्याला कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि तिथून मुरुड तालुका सुरू. पुढे कोर्लई, बोर्ली, बारशिव आणि काशीद. साळावचा पूल जुना असून त्यावर अवजड वाहनांना वेळोवेळी निर्बंध येतात. मोठी कॅराव्हॅन किंवा मिनीबस घेऊन येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. रस्ता अरुंद, वळणे आंधळी आणि गावातून जाणारा आहे. समोरून एसटी आली तर एकाला थांबावेच लागते. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात काशीदजवळचा जुना पूल कोसळला आणि त्यात एकाचा जीव गेला. पावसाळ्यात रात्रीचा प्रवास टाळावा, हे स्थानिक लोक उगाच सांगत नाहीत.

डिझेल-पेट्रोल अलिबाग-रेवदंड्याकडेच भरून घ्यावे. रोख पैसेही जवळ ठेवावेत. रेंज गेली की मोबाइलवरचे पैसे अडकतात.

तंबू टाकायचा कुठे?

इथे तीन पर्याय आहेत.

पहिला, गावातल्या वाडीत किंवा खासगी कॅम्पवर. नारळ-सुपारीच्या वाड्यांत, रस्त्याच्या आतल्या बाजूला अनेकांनी तंबूसाठी जागा केल्या आहेत. पाणी, संडास-बाथरूम आणि जेवण मिळते. कुटुंब, लहान मुले बरोबर असतील तर हाच पर्याय शहाणपणाचा. पैसे आधी ठरवून घ्यावेत. एक गोष्ट मात्र विसरू नये : नारळाच्या झाडाखाली तंबू ठोकायचा नाही. सुकी झावळी किंवा नारळ पडताना वेळ बघत नाही.

दुसरा, किनाऱ्यावरच्या वाळूत. भरतीरेषेच्या आतली जागा कुणाच्या मालकीची नाही म्हणून तिथे कुणीही काहीही करावे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. किनारा सरकारी आहे, त्यावर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू आहेत आणि गावाची देखरेखही आहे. रात्री तिथे थांबायचे असेल तर ग्रामपंचायतीत आणि पोलिसांकडे विचारावे. नाही म्हटले तर नाही. गाडी वाळूत उतरवू नये. ओल्या वाळूत चाक रुतले की ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत भरती थांबत नाही.

तिसरा, फणसाडमध्ये सुपेगावला वनविभागाच्या निवासाच्या ठिकाणी. त्याची माहिती पुढे दिली आहे.

वाळूत तंबू ठोकताना नेहमीच्या खुंट्या उपयोगाच्या नाहीत, वाऱ्याने उपटून येतात. त्याऐवजी जाड पिशव्यांत वाळू भरायची, तोंडाला दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. ती सहसा हलत नाही. वाऱ्याचेही इथे ठरलेले वळण आहे. दुपारी-संध्याकाळी समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री उशिरा जमीन गार झाली की मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. म्हणजे संध्याकाळी ज्या बाजूने वारा होता, पहाटे तो उलट बाजूने असतो. त्यामुळे तंबूचे चारही ताण सारखेच घट्ट हवेत. थंडीत दव इतके पडते की वरचे आवरण नसेल तर सकाळी पांघरूण ओले.

भरतीचे गणित : तिथीची पाऊणपट

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भरती रोज दोनदा येते आणि दोनदा ओहोटी लागते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ती काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे : तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. एकदा दिवसा, एकदा रात्री. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच.

चतुर्थी : चारची पाऊणपट तीन. भरती ३ वाजता, ओहोटी ९ च्या सुमारास.

अष्टमी : आठाची पाऊणपट सहा. भरती ६ वाजता, ओहोटी १२ च्या सुमारास.

एकादशी : सव्वाआठ. ओहोटी सव्वादोनच्या सुमारास.

पौर्णिमा किंवा अमावस्या : पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी सव्वापाचच्या सुमारास.

हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अचूक वेळ भरतीच्या छापील तक्त्यात किंवा मोबाइलवर मिळते. पण रेंज नसताना तिथी माहीत असली तरी काम भागते.

याच गणितात तंबूवाल्यांचा सापळा लपलेला आहे. बहुतेक जण चांदण्यासाठी पौर्णिमेची रात्र निवडतात. त्या दिवशी पूर्ण ओहोटी येते साडेपाच-सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकी तंबू ठोकण्याच्या वेळेला. किनारा लांबच्या लांब मोकळा दिसतो. पाणी कुठल्या कुठे गेलेले असते, आणि "अजून थोडं पुढे घेऊया" म्हणत तंबू पाण्याच्या दिशेने सरकत जातो. मग भरती लागते आणि अकरा ते बाराच्या दरम्यान, सगळे झोपलेले असताना, पूर्ण होते. ही साधी भरती नसते, उधाणाची असते. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत पाणी सर्वात वर चढते. त्यातही या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, तर हिवाळ्यात रात्रीची मोठी. आणि तंबूचा हंगाम हिवाळ्याचाच.

याउलट सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती असते. पाणी कमी चढते आणि भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे पाणी कुठपर्यंत येते ते तंबू ठोकतानाच डोळ्यांनी दिसते. किनाऱ्याजवळ पहिल्यांदाच मुक्काम करणाऱ्यांसाठी अष्टमी बरी. पौर्णिमेचे चांदणे बघायचे असेल तर ते वाडीतल्या तंबूतून बाहेर येऊन बघावे.

वाळूवर एक खूण नेहमी असते : वाळलेला पालापाचोळा, काटक्या, शिंपले, प्लास्टिकचे तुकडे यांची एक ओळ. ती शेवटच्या मोठ्या भरतीची रेषा. तंबू या रेषेच्या बराच वर हवा.

या गणिताचे एक नाते काशीदच्या शेजारच्या गावाशी आहे. पुढच्याच नांदगावचे गणेश दैवज्ञ हे सोळाव्या शतकातले मोठे ज्योतिर्गणिती. त्यांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. ज्या, कोटिज्या यांची किचकट आकडेमोड टाळून ग्रहगणित सोपे करणारा हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी पुढे कित्येक पिढ्या वापरला. ज्या पंचांगातली तिथी पाहून कोळी बांधव भरती ओळखत आले, त्या पंचांगाचे गणित याच किनाऱ्यावर सोपे झाले. नांदगावला सिद्धिविनायकाचे प्रसिद्ध देवस्थानही आहे.

पाण्यात उतरताना

काशीद आणि मुरुडच्या समुद्रात पर्यटक बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा मुरुडच्या समुद्रात बुडून मृत्यू झाला. दिवस उजेडाचा होता, हवा शांत होती आणि बरोबर भरपूर माणसे होती. तरीही ते घडले, हे लक्षात ठेवायला हवे.

लाटांनी किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत खेचले जाते. बाकी ठिकाणी लाटा फुटत असतात आणि या पट्ट्यात पाणी शांत वाटते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झटू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे आणि मग लाटांबरोबर वर यावे. पोहता येत नसेल तर हात वर करून तरंगत राहावे.

बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला माणूसही बुडतो, असे अनेकदा होते. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि लांब दोरी तंबूजवळ ठेवली तर ती फेकता येते. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही, ओहोटी लागल्यावर उतरायचे नाही, सूर्यास्तानंतर तर नाहीच. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्याला सोबतच्यांनीच अडवावे. जीवरक्षक किंवा गावातल्या माणसाने शिट्टी मारली तर वाद न घालता बाहेर यावे. संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

फणसाड : नवाबाच्या शिकारीचे रान

काशीदच्या डोंगरामागे फणसाड. जंजिरा संस्थानच्या नवाबाचे हे शिकारीचे राखीव रान. शिकारीसाठी का होईना, पण कुऱ्हाड लांब राहिली आणि जंगल टिकले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, आणि १९८६ मध्ये फणसाड वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले. पन्नासहून अधिक चौरस किलोमीटरचा हा पट्टा डोंगरउतारांवर पसरला आहे.

याला बारमाही पावसाचे जंगल म्हणता येणार नाही. इथे चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. त्यामुळे पठारावर गवत आणि कातळ, उतारावर ऐन, किंजळ, साग अशी पानगळीची झाडे, तर नाल्याकाठी आणि घळींत ओल टिकते तिथे निमसदाहरित दाटी. मार्च-एप्रिलमध्ये वरचे रान उघडे पडते, पण घळीत शिरले की दुपारीही सावली गार. सीताअशोक आणि सुरंगी याच सुमारास फुलतात.

इथली ओळख सांगणारी वेल म्हणजे गारंबी. मांडीएवढे खोड झाडाझाडांवरून फिरते, आणि तिची शेंग हातभराहून लांब असते. आतल्या चपट्या, तपकिरी बिया पाण्यावर महिनोन्महिने तरंगतात. ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाऊन त्या दूरच्या किनाऱ्यांना लागतात. काशीदच्या वाळूत अशी बी सापडली तर ती जंगलातूनच आलेली असू शकते. मुरुडजवळच्या गारंबी धबधब्याचे नावही याच वेलीचे.

प्राण्यांमध्ये राज्यप्राणी शेकरू, बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, उदमांजर, वानर. शहरातल्या माणसाला बिबट्याच बघायचा असतो, पण तो दिसेलच असे नाही. शेकरू मात्र थोडा वेळ गप्प बसले तर दिसतो. झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचे घरटे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचीही इथे नोंद आहे. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभर गिधाडे मेली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. उरलेली गिधाडे ज्या मोजक्या ठिकाणी आहेत, त्यात रायगडचा हा भाग येतो. त्यांच्या घरट्यांजवळ आरडाओरडा, ड्रोन, फटाके यातले काहीही चालणार नाही.

जंगलातल्या पाणवठ्यांना इथे 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण, धरणाची गाण. अभयारण्याला नाव मिळाले ते यातल्याच फणसाडगाणीवरून. उन्हाळ्यात सगळी जनावरे या पाण्यावर येतात, म्हणून तिथे अंघोळ, साबण, भांडी धुणे पूर्ण वर्ज्य.

जंगलातला मुक्काम

अभयारण्यात जाण्यासाठी सुपेगाव हे मुख्य ठिकाण. किनाऱ्याचा रस्ता सोडून डोंगराकडे वळावे लागते. सुपेगावला वनविभागाचे माहिती केंद्र आणि निवासाची सोय आहे. प्रवेश शुल्क भरायचे, नाव नोंदवायचे आणि गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचा. वाटाड्या परिसरातल्या वाड्या-पाड्यांतलाच असतो. कुठली वाट कुठल्या गाणीला जाते, कुठल्या झाडावर कालच शेकरू होता, हे त्याला पाठ असते. त्याची मजुरी हा या जंगलाशेजारच्या घराचा पैसा आहे, त्यात घासाघीस करू नये. मुक्कामाची चौकशी निघण्यापूर्वीच वनविभागाकडे करावी. शनिवार-रविवारी ऐनवेळी जागा मिळणे कठीण.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश, शस्त्र बाळगणे आणि आग लावणे हे गुन्हे आहेत. म्हणजे रानात स्वतःच्या मनाने कुठेही तंबू ठोकता येत नाही आणि शेकोटीही पेटवता येत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पडली तरी वणवा डोंगर पार करतो. विडी-सिगारेटचे थोटूक सुद्धा त्यात आले. वणवा, शिकार किंवा जखमी प्राणी दिसल्यास वनविभागाची मदतवाहिनी १९२६.

सकाळी उजाडताना आत जावे, ऊन चढायच्या आत परत यावे. अंधार पडायच्या आत मुक्कामाच्या ठिकाणी हजर. बूट घालण्यापूर्वी झटकावेत, तंबूची चेन कायम बंद ठेवावी. लाल विंचू या भागात आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि अशा मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले; पण उपचार मिळतो तो दवाखान्यातच. विंचू असो वा साप, मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे.

वाटेवर थांबण्यासारखे

आक्षी : शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख. मराठीतील सर्वात जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो.

चौल-रेवदंडा : रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी, पोर्तुगीज तटबंदी, सातखणी मनोरा. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच, चौल बंदरात उतरला.

कोर्लई : किल्ल्यावरून खाडी आणि समुद्र एकत्र दिसतो. गावातले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतात. त्यांच्या दारात उभे राहून "बोलून दाखवा" असे म्हणू नये, इतके भान ठेवावे.

मुरुड-राजपुरी : राजपुरीहून होडीने जंजिरा. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. समोरच्या बेटावर शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. खोकरीचे घुमट राजपुरीच्या जवळच.

सवड असेल त्यांना आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दिघीला उतरता येते. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. ही मात्र वेगळी फेरी समजावी. सगळे एकाच शनिवार-रविवारात कोंबले तर तंबूपेक्षा गाडीतच जास्त वेळ जातो.

खायचे काय?

गावच्या खानावळीत तांदळाची भाकरी, बोंबील, सुरमई, कोलंबी आणि सोलकढी. मासा त्या दिवशी काय आला आहे ते विचारून सांगावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्याचा आग्रह धरू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला लटकलेल्या दिसतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा कच्चा खाल्ला तरी तिखट लागत नाही.

तंबूतल्या लोकांनी शिकावी अशी रायगडची रानातली पाककृती म्हणजे पोपटी. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की शेताशेतांत पोपट्या लागतात. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी किंवा मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. तोंडाला पुन्हा भांबुर्डी दाबून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, पाल्याच्या ओलीवरच सगळे शिजते. अर्ध्या तासात वास सुटतो. पोपटी वाडीत किंवा शेतात, मालकाला विचारून लावावी. अभयारण्यात नाही आणि सुरूच्या वाळलेल्या काड्यांवरही नाही.

तीन दिवसांचा निवांत बेत

पहिला दिवस : पहाटे निघून नाश्त्याला अलिबाग. चौल-रेवदंडा बघत दुपारी काशीद. वाडीत तंबू. संध्याकाळी किनाऱ्यावर चालणे. रात्री गावात जेवण.

दुसरा दिवस : सकाळी समुद्र, तोही भरती-ओहोटी पाहून. जेवून सुपेगाव. उन्हाची वेळ टाळून दुपारनंतर माहिती केंद्र आणि जवळची वाट. मुक्काम वनविभागाच्या ठिकाणी. रात्री दिवे बंद करून नुसते ऐकायचे.

तिसरा दिवस : उजाडताच वाटाड्यासोबत गाणीपर्यंत. दहापर्यंत परत. मुरुडला जेवण, होडी मिळाल्यास जंजिरा, आणि परतीचा प्रवास. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार यावे. रस्ता मोकळा, दर कमी आणि गावातल्या लोकांना बोलायलाही सवड.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे जंगलात प्राणी दिसण्याची शक्यता जास्त, पण उकाडा सोसावा लागतो. जून ते सप्टेंबर डोंगर हिरवागार आणि धबधबे भरलेले. मात्र तंबू, समुद्रस्नान आणि होडी तिन्ही बाजूला ठेवून पक्क्या खोलीत राहावे.

निघण्यापूर्वी तपासा

• मुक्कामाच्या रात्रीची तिथी आणि भरतीची वेळ
• वनविभागाकडे प्रवेश व निवासाची चौकशी
• वाळूसाठी जाड पिशव्या, जादा दोरी, तंबूचे वरचे आवरण
• बॅटरी, शिट्टी, रिकामा कॅन, प्रथमोपचाराची पेटी
• पिण्याचे पाणी मोठ्या कॅनमध्ये, छोट्या बाटल्या नकोत
• कचऱ्यासाठी दोन पिशव्या. फुटलेली काच वाळूत दिसत नाही, आणि सकाळी त्याच वाळूवरून अनवाणी माणसे चालत जातात
• गावातल्या एका माणसाचा फोन नंबर, आणि घरी कुणाला तरी मुक्कामाचे ठिकाण सांगून ठेवणे

यातले शेवटचे काम सर्वात सोपे आणि सर्वात उपयोगी. दुकानात चहा घेताना "आज पाणी कुठपर्यंत येईल?" एवढे विचारले तरी काशीदमध्ये कुणीही हाताने दाखवून सांगते. तंबू त्या हाताच्या वर ठोकायचा.